उत्तरेच्या उजेडात

आठशे मीटर राखाडी कापडाचा लॉट सोमवारी सकाळी परत आला. परत येण्यात तसं नवल नाही, रंगखात्यातून कापड जातं तसं येतंही. पण हे सांगायला मास्तरांनी कुणाला पाठवलं नाही, स्वतःच तुकडा हातात घेऊन तिच्या टेबलापाशी आले. तुकड्याच्या कोपऱ्यावर सही तिची होती. सव्वीस वर्षांत तिची सही असलेलं कापड कुणी परत पाठवलं नव्हतं. रंगखात्यात तिला नावानं हाक मारायची पद्धतच उरली नव्हती. ‘डोळ्याला दाखवलं का?’ एवढंच एकमेकांना विचारत, आणि डोळा म्हणजे ती. मध्यंतरी एक मशीन आलं होतं, कापडावर टेकवलं की रंगाचे आकडे सांगणारं, पण मशीनचं आणि तिचं जुळलं नाही तर मास्तर तिच्या बाजूनं निकाल देत. या लॉटच्या वेळीही जुळलं नव्हतं. मशीन म्हणालं, लाल कमी आहे. ती म्हणाली, लाल बरोबर आहे, आणि सही करून मोकळी झाली.

“बघा बाई,” मास्तर म्हणाले.

तिनं तुकडा उत्तरेच्या खिडकीपाशी नेला, मूळ नमुना त्याला चिकटवून धरला आणि मनात आकडे मोजायला लागली. एक, दोन. तिसऱ्या आकड्याची गरजच पडली नाही. कापड हिरवट मारत होतं. लाल त्यात औषधालाही नव्हता. काल कामाला लागलेल्या पोरीलाही दिसलं असतं.

“हे मी पास केलं?”

“सही तर तुमचीच दिसते.” मग मास्तरांनीच आवाज उतरवला. ते तिच्याहून दहा वर्षांनी लहान होते. “होतं असं. घरात एवढं दुखणं आहे तुमच्या. आज जा तुम्ही. डोळ्याला जरा विसावा द्या.”

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं राखाडी डगला खुंटीला अडकवला. या कामावर असताना अंगावर रंगीत काही घालायचं नसतं, आपल्याच कपड्याचा रंग कापडावर सांडतो, म्हणून सगळा जन्म तिनं राखाडी डगल्यात काढला होता. बाहेर आली तेव्हा साडेदहाच वाजले होते. कामाच्या दिवशी साडेदहाला रस्ता कसा दिसतो हे तिला ठाऊकच नव्हतं. बसमध्ये जागा रिकाम्या होत्या. समोरच्या बाईनं बदामी रंगाचा स्वेटर घातला होता, आणि तिच्या डोळ्यानं सवयीनं त्यातला लाल शोधायला सुरुवात केली. तिनं डोळे मिटून घेतले. मिटल्या पापण्यांच्या आतही लालच होतं.

तिला हे काम शिकवलं ते थोरल्या मास्तरांनी. आता ते नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी तिला दोन पांढरे तुकडे दिले आणि विचारलं, यातला पिवळा कोणता. ती बघत बसली, बघत बसली, आणि शेवटी म्हणाली, दोन्ही. ते हसले. म्हणाले, बाई, पाच आकडे मोजायचे, तेवढ्यात काय ते ठरवायचं आणि मान फिरवायची. पाचाच्या पुढे बघत राहिलीस की डोळा वकिली करायला लागतो, तुला जे हवं ते तुला पटवून देतो. म्हणून समोरची भिंत राखाडी रंगवलेली असे. एक तुकडा बघायचा, मग भिंतीकडे बघून डोळा धुऊन घ्यायचा, मग दुसरा. आणि बघायचं ते उत्तरेच्या उजेडात, कारण त्या उजेडाला कुणाची बाजू घेता येत नाही. सकाळचं ऊन पिवळं घालतं, संध्याकाळचं तांबूस घालतं, ट्यूबलाइट तर सरळ खोटंच बोलते. उत्तरेची खिडकी दिवसभर एकच बोलते.

नवऱ्याचं दुखणं रक्तातलं निघालं तेव्हा तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर पलंग हलवला. पुढच्या खोलीत दिवसभर ऊन असे, रस्ता दिसे, येणाराजाणारा खिडकीतून हाक मारी. तिनं पलंग मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीखाली नेला. तिथून दिसायची ती शेजारच्या इमारतीची गिलावा न केलेली भिंत आणि पाण्याचे तीन पाइप. “इथं का?” त्यानं विचारलं होतं. “इथं मला तुमचा खरा रंग दिसतो,” ती म्हणाली होती, आणि त्यानं मान डोलावली होती, कारण चाळीस वर्षांच्या संसारात रंगाच्या बाबतीत त्यानं तिच्याशी कधी वाद घातला नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या मते जगात दोनच रंग, ग्रीस लागलेला आणि ग्रीस न लागलेला.

आधी औषधांचे दोन फेरे झाले. केस गेले, पंधरा किलो वजन गेलं, दुखणं काही गेलं नाही. मग मोठ्या डॉक्टरांनी तिला आणि त्याला समोर बसवून सांगितलं की आता या औषधांचा उपयोग नाही. आजार बरा करायचा नाही, माणसाला बरं वाटेल तेवढं करायचं. अंगात रक्त तयार होत नव्हतं, म्हणून बाहेरून रक्त द्यायचं. आधी महिन्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी, आणि आता दर शनिवारी. सकाळी सातला टॅक्सी, मग तपासणी, मग बॅग येईपर्यंत वाट, मग दोन बॅगा थेंब थेंब, आणि परत येताना पायऱ्यांवर तीनदा बसणं. पण रविवारी सकाळी खिडकीखाली त्याच्याकडे बघितलं की तिला वाटे, रंग जुळला. गालाखाली तो रंग परत आलेला असे. तिच्या डोक्यात त्याच्या चेहऱ्याच्या शेड होत्या, नंबर देऊन लावलेल्या, एकीत मेणाचा पिवळा जास्त, एकीत राखेचा. शनिवारची बॅग त्याला चार नंबर वर चढवी, आणि ती शेड पुढच्या शुक्रवारपर्यंत टिके. असं तिला दिसे. रोज संध्याकाळी कामावरून आली की ती चप्पल काढायच्या आधी मागच्या खोलीत जाई, स्टुलावर बसे आणि बघे.

त्याचा हिशेब वेगळा होता. “पहिल्यांदा बॅग लावली तेव्हा आठव्या मजल्यापर्यंत गेलो होतो,” तो सांगे. “आता चौथ्याला दार उघडतं आणि लगेच खाली. मोटार बरी आहे गं, दोरच झिजलाय.” ती म्हणे, गप्प बसा, रंग बघा किती छान आलाय. गेल्या गुरुवारी सिस्टर आल्या तेव्हा त्यानं तेच पुन्हा सांगितलं, पण मजले न लावता. म्हणाला, मला शनिवारचं रक्त बंद करायचंय.

सिस्टर म्हणजे उपशामक सेवेच्या, बरं न होणाऱ्या माणसाचा त्रास घरी येऊन हलका करणाऱ्या. त्यांच्या औषधांच्या पाकिटावर ‘उपशामक सेवा’ असं छापलेलं होतं. घरात त्यांना ‘गुरुवारच्या सिस्टर’ म्हणत. पन्नाशीची, सावकाश बोलणारी बाई. पहिल्याच दिवशी त्यांनी फाइल उघडलीच नव्हती. पलंगाच्या कडेवर बसून विचारलं होतं, तोंडात कोरड पडते का, झोप लागते का, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. तो म्हणाला होता, बहिणीचा; दिवसा त्याच्यापाशी तीच असे. तेव्हापासून दोघांचं जमलं. त्यानं रक्त बंद करायचं म्हटल्यावर सिस्टर दचकल्या नाहीत. त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “अहो, बॅग आठवडाभर टिकते त्यांना. मी रोज बघते. माझं कामच ते आहे.” तो लगेच म्हणाला, “ही म्हणत असेल तर टिकत असेल.” सिस्टर म्हणाल्या, घाई नाही, दोघं बोला, पुढच्या गुरुवारी मला सांगा, शनिवारची बॅग रक्तपेढीला सांगायची की नाही. चार दिवस गेले, मधला शनिवारही गेला, दोघं बोलली नाहीत. त्यानं विषय काढला नाही, कारण ती नाही म्हणाली असती तर तो शनिवारी मुकाट्यानं टॅक्सीत बसला असता, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. सगळा निकाल तिच्या डोळ्यावर होता. आणि आज त्या डोळ्यानं पास केलेला लॉट परत आला होता. या विचारात बसमधून तिचा स्टॉप मागे गेला. ती पुढच्या स्टॉपला उतरली आणि उलटी चालत आली.

दार तिनं आपल्या किल्लीनं उघडलं. एरवी ती सहाला येते; या वेळी दार वाजेल अशी घरात कुणाची अपेक्षा नव्हती. स्वयंपाकघरात नळ सोडलेला होता, नणंद भांडी घासत होती. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिनं आत बघितलं.

तो झोपला होता. तोंड किंचित उघडं, खिडकीकडे वळलेलं. उत्तरेचा उजेड चेहऱ्यावर सपाट पडला होता. एक. तिनं मोजायचं ठरवलं नव्हतं, ते आपोआप सुरू झालं. दोन. तिच्याकडे असलेल्या नंबरांत ही शेड नव्हती. सगळ्यात खालच्या नंबराच्याही ती खाली होती. परवाच दोन बॅगा गेल्या होत्या अंगात, आणि ओठ आणि गाल वेगळे ओळखू येत नव्हते, जसा धुऊन धुऊन पार उतरलेल्या कापडावरचा नक्षीचा आणि पोताचा फरक जातो. तीन. गालांच्या हाडांवर मात्र बारीक लाल ठिपके होते, टाचणीच्या टोकाएवढे, दोन्हीकडे सारखे. चार. हे ठिपके तिनं रोज बघितले होते. पाच. तिनं मान फिरवली. समोर ती बिनगिलाव्याची भिंत होती, राखाडी.

“अगंबाई, वहिनी?” नणंद ओले हात घेऊन दारात आली. नवऱ्याची ही धाकटी बहीण साठीला आली होती, अंगानं भरलेली, दोन जिने चढली की धापा टाकणारी, तरी भाऊ तिला चिमणीच म्हणे. “बरं नाही का तुम्हाला? एवढ्या लवकर?”

“लवकर सोडलं.” ती तिला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन आली. “गालावर कसलं आलंय त्यांच्या?”

नणंद एकदम भांड्यांकडे वळली. जी बाई एरवी श्वास घ्यायलाही थांबत नाही ती थांबली म्हणजे काहीतरी होतंच.

“चिमणे,” तिनंही तशीच हाक मारली.

“मला बोलायला लावू नका. दादानं शपथ घातलीय.”

“कसली?”

“कसली म्हणजे.” नणंदेनं नळ बंद केला. “तुम्ही यायच्या वेळेला मला म्हणतो, टॉवेल दे. तो खरखरीत आहे ना, तो. मग गाल चोळतो. खसाखसा. आणि मला विचारतो, आला का रंग? मी सांगितलं त्याला, दादा, अरे कातडी जाईल, सिस्टर काय म्हणाल्या, तुझं रक्त गोठत नाही, जपायचं. तर म्हणतो, चिमणे, तू गप्प बस, तुझ्या वहिनीला दिवसभर रंग बघून कंटाळा येतो, घरी आल्यावर एक तरी बरा बघू दे. काय करायचं मी? भाऊ आहे. आणि तुम्ही तरी कशा. आल्या की पहिलं स्टूल. ‘पाणी प्यालात का’ नाही, ‘काय म्हणता’ नाही. परीक्षेला बसवल्यासारखं.”

ती ओट्याला टेकून उभी राहिली. आतापर्यंत हजारो वेळा तिनं पांढरी चिंधी घेऊन रंगवलेलं कापड घासून बघितलं होतं. धाग्याच्या आत शिरलेला रंग कुठला आणि वर बसलेला कुठला, हे तिला घासायच्या आधी कळे. आतला रंग खोल असतो, त्याला घाई नसते. वरवरचा पुढे पुढे करतो. मग रोज संध्याकाळी सहा वाजता स्टुलावर बसल्यावर तिला काय दिसत होतं? तिनं खरं आठवायचा प्रयत्न केला, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या आकड्याला तिला दिसत असे. पहिल्या आकड्याला रोज छातीत काहीतरी खाली बसत असे, आणि मग ती मान फिरवत नसे. बघत राहत असे. दहापर्यंत, वीसपर्यंत, ते गालांवरचं लाल सगळ्या चेहऱ्यावर पसरेपर्यंत, आणि मग म्हणत असे, छान आहे आज. टॉवेल त्यानं चोळला होता, पण लॉट पास केला होता तिनं. आणि महिनोन् महिने जिथं नाही तिथं लाल बघायची सवय लागलेला डोळा ती रोज सकाळी बसमध्ये घालून रंगखात्यात नेत होती.

तो दुपारी उठला. तिला स्टुलावर न बघता दारात उभी बघून त्याचा हात आधी गालाकडे गेला. मग थांबला. नणंदेच्या तोंडाकडे बघून त्यानं काय ते ओळखलं.

“फुटली वाटतं बातमी,” तो म्हणाला. “चिमणीच्या पोटात कधी काही राहिलंय?”

“मी चहा टाकते,” म्हणून नणंद सटकली.

ती पलंगाच्या पायथ्याशी बसली. “कितवा दिवस बरा असतो?” तिनं विचारलं.

“म्हणजे?”

“बॅग लावल्यावर. खरं सांगा.”

त्यानं पांघरुणातून हात बाहेर काढला. त्या खोलीत त्याला कायम थंडी वाजे, दोन पांघरुणं घेऊनही. “शनिवार तर तिथंच जातो. रविवारी अंगात कणकण. आज सकाळी बरं होतं. चिमणीशी भांडायला सुचलं. अकरानंतर उतरलं.” तो एवढं बोलून दमला, थांबला. “म्हणजे एक सकाळ, असं धर.”

“आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

“सांगत होतो की. मजले सांगत होतो.”

“मजले.” तिनं पांघरूण पुन्हा त्याच्या हातावर ओढलं. “गाल कशाला चोळायचे?”

त्यानं पाइपांकडे बघितलं. “तू दारातून येतेस ना, तेव्हा तुझे खांदे असे वर असतात. कानापर्यंत. मग तू बसतेस, बघतेस, आणि ते खाली येतात. एवढंच. तेवढं बघायला मला बरं वाटायचं. दिवसभरात दुसरं काही करता येत नाही मला.”

तिनं आपले खांदे कुठं आहेत ते चाचपून बघितलं. वरच होते.

“बंद केल्यावर काय करणार आहात त्या दिवसांचं?” तिनं विचारलं. तिला वाटलं होतं आवाज नीट येईल, तो भांडल्यासारखा आला.

“काही नाही. पडून राहणार. पण घरी.” मग जरा वेळानं, “आणि पुढच्या खोलीत, तुझी हरकत नसेल तर. इथं त्या पाइपांचा माझ्याशी काही बोलायचा विचार दिसत नाही.”

चहा आला. नणंदेनं त्यात साखर दोनदा घातली होती.

मंगळवार आणि बुधवार ती घरीच राहिली, आणि दोन्ही दिवस तिनं त्याच्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं नाही. त्याचं तोंड मऊ कापसानं पुसताना हनुवटी बघितली, औषधाचे थेंब देताना ओठ. सगळा चेहरा एकदम बघायला ती भ्याली होती. हो म्हणायचं तर आपल्या तोंडानं म्हणायचं होतं. त्याला जगवायचं की नाही असा हा प्रश्न नाही, हे तिला कळत होतं, ते ठरवणं कुणाच्या हातातच नव्हतं. पण जिथं सही करायची जागा असते तिथं सही करणाऱ्यालाच वाटतं की कापड आपण विणलं. तिला आठवलं, लग्नानंतर पहिल्या वर्षी तो तिला एका बंद पडलेल्या लिफ्टमध्ये घेऊन गेला होता, दोन मजल्यांच्या मध्ये, दिवा विझवून, यंत्र कसं ऐकायचं ते दाखवायला. म्हणाला होता, बघू नकोस, कान दे. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं, त्याचा श्वास तेवढा ऐकू आला होता, ग्रीसच्या वासाचा. तेव्हा त्याचा रंग कसा होता हे मात्र तिला काही केल्या आठवेना. चाळीस वर्षांत तिनं त्याचा रंग बघितलाच नव्हता. दुखणं आल्यावर बघायला लागली.

गुरुवारी सिस्टर आल्या. पलंगाच्या कडेवर बसल्या. तिनं स्टूल ओढलं नाही, उभीच राहिली.

“बॅग दिली तर दिवस वाढतील का?” तिनं विचारलं.

“थोडे वाढतीलही,” सिस्टर म्हणाल्या. “खोटं सांगणार नाही. किती, ते मला सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही. आणि त्यातले किती जाण्यायेण्यात जातील, ते तुम्ही बघताच आहात.”

“मी नीट बघत नव्हते.” ती हे म्हणाली तेव्हा तो पलंगावरून तिच्याकडे बघत होता, हे तिला न बघता कळलं. “एक सकाळ टिकते. आठवडा नाही. शनिवारची सांगू नका.”

दारात नणंद उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

“तुम्ही?” सिस्टरांनी त्याला विचारलं.

“मालकीण म्हणते ते,” तो म्हणाला. मग हसणं सोडून, नीट, “हो. बंद.”

सिस्टरांनी पुढचं सावकाश सांगितलं. झोप वाढेल. दम लागेल, त्याला थेंब आहेत, ते कसे वाढवायचे. रात्री-अपरात्री फोन केला तरी कुणीतरी उचलेल. ताप आला तर धावाधाव करायची नाही, आम्हाला सांगायचं. रक्त बंद केलं म्हणजे आम्ही यायचं बंद करणार नाही, आता रोज येऊ. मग त्या तिला घेऊन पुढच्या खोलीत आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “एक गोष्ट. नाकातून, हिरड्यांतून रक्त येऊ शकतं. कधी थोडं, कधी जास्त. घरातले टॉवेल पांढरे आहेत तुमचे. पांढऱ्यावर थोडंही रक्त फार दिसतं, त्यानं पेशंट घाबरतो, घरचेही घाबरतात. गडद रंगाचे सहा-आठ टॉवेल काढून ठेवा.”

“कुठल्या रंगाचे?”

“कुठलेही गडद. काही जण लाल ठेवतात, काही काळे.”

“लाल नको,” ती म्हणाली, “सुकल्यावर दिसतं. काळ्यावर ओलं चमकतं.” सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवीत घरातले आठ टॉवेल घेऊन रंगखात्यात गेली. त्यात तो खरखरीतही होता. मास्तरांना तिनं खरं काय ते सांगितलं, जास्त न सांगता. त्यांनी नमुन्यांचं छोटं भांडं तिला मोकळं करून दिलं आणि आपण दुसरीकडे काम काढून गेले. तिनं डगला घातला. तपकिरीत निळा घातला, मग लाल, मग थोडा काळा, आणि चार तुकडे काढले. सुकवले. मग टेबलाच्या खणातली सुई घेऊन डाव्या हाताच्या बोटाला टोचली आणि चारही तुकड्यांवर एकेक थेंब टेकवला. पहिल्यावर काळा डाग पडला. दुसऱ्यावर कडेला तांबूस वर्तुळ उठलं. तिसऱ्यावर ओलं असताना काही नाही, सुकल्यावर गंजासारखं, चौथ्यावरही तेच. तिनं पुन्हा रंग घातला, पुन्हा तुकडा काढला, पुन्हा बोट टोचलं. ट्यूबखाली बघितलं, पिवळ्या दिव्याखाली बघितलं, उत्तरेच्या खिडकीत बघितलं. एवढी वर्षं तिनं रंग दिसावा म्हणून काम केलं होतं. दिसू नये म्हणून करताना हात तेच होते, आकडेही तेच होते, पाच. दुपारपर्यंत चारही बोटं टोचून झाली. सातवा तुकडा तिनं खिडकीत धरला आणि थेंब कुठं टेकवला होता ते तिला स्वतःला सापडेना. गर्द, मातकट, वांग्याच्या सालीकडे झुकणारा रंग. बघायला काही सुंदर नव्हता. त्यातच तिनं आठही टॉवेल बुडवले.

मास्तर येऊन बघून गेले. “नंबर काय टाकू वहीत?”

“नका टाकू,” ती म्हणाली. “पुन्हा लागणार नाही.”

शनिवारी सकाळी सातला टॅक्सी आली नाही. सातला तिला जाग होतीच. ती पडल्या पडल्या टॅक्सी न आल्याचं ऐकत राहिली. नऊला शेजारचे दोघं मदतीला आले आणि पलंग पुढच्या खोलीत गेला. तो खुर्चीवर बसून सूचना देत होता, डावीकडून, दाराला लागेल, अरे वजन पायावर घ्या, आणि नणंद म्हणत होती, दादा, तू ओझं आहेस, ओझ्यानं बोलायचं नसतं. खिडकीतून ऊन थेट उशीवर पडलं. त्या उन्हात त्याचा चेहरा पिवळा, तांबूस, सोनेरी, वाटेल तसा दिसत होता. त्यावर विश्वास ठेवण्यासारखं काही नव्हतं. रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, त्यानं हात वर केला, आणि हाताचं वजन त्याला पेललं नाही म्हणून तो तिनं खालून धरला.

रविवारी दुपारी तो नणंदेशी पत्त्यांवरून भांडत होता. पत्ते तीच दोघांचे धरत होती, म्हणून भांडण होतं. मधेच तो थांबला आणि म्हणाला, “अगं, नाक.”

नणंद हलायच्या आत ती त्याच्या शेजारी पलंगावर चढून बसली, त्याची पाठ आपल्या खांद्याला टेकवली, मान किंचित पुढे केली आणि घडी केलेला टॉवेल नाकाखाली धरून सिस्टरांनी दाखवलं होतं तसं चिमटीत दाबलं. नणंदेच्या हातातले पत्ते खाली पडले. ती फोनकडे निघाली. टॉवेल न सोडता तिनं नणंदेला मानेनंच सांगितलं, जरा थांब. असं बसल्यावर तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती ती कानामागची जागा, आणि समोर रस्ता, त्यावरून एक बाई दोन पिशव्या घेऊन चाललेली.

“किती आलंय?” त्यानं टॉवेलातून विचारलं.

तिनं टॉवेलाकडे बघितलं. भर उन्हात, उघड्या डोळ्यांनी बघितलं, पहिल्या आकड्याला बघितलं.

“दिसत नाही,” ती म्हणाली.

ते खरं होतं. हाताला मात्र कापडातून ते कोमट लागत होतं, आणि हळूहळू वाढत होतं, आणि मग वाढायचं थांबलं. तिनं हात काढला नाही. त्याचं अंग तिच्या खांद्यावर जड होत गेलं, श्वास लांब झाला. नणंद खाली वाकून पत्ते गोळा करायला लागली.

“चिमणे, माझे बघू नकोस,” तो तिला म्हणाला.